संयुक्त, एकात्मिक आणि 'थिएटर कमांड'

सैन्यविषयक बातम्यांमध्ये 'संयुक्त कारवाई', 'एकात्मिक कमांड' आणि 'थिएटर कमांड' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का, 'थिएटर कमांड'ला मराठीत काय म्हणावे, आणि ती 'स्थापन झाली' म्हणावे की 'स्थापन झाले', असे एका वाचकाने विचारले आहे.

हे शब्द समानार्थी नाहीत, आणि घोळाचा बराचसा दोष 'संयुक्त' या शब्दाकडे जातो. मराठीत तो दोन अर्थांनी रुळला आहे आणि हे दोन्ही अर्थ आपल्याच इतिहासात शेजारी शेजारी सापडतात. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष अशी मंडळी होती. प्रत्येकाचा पक्ष, झेंडा आणि नेता वेगळा राहिला आणि ठरावीक मागणीपुरते सगळे एकत्र आले. त्यांनी मागितलेला 'संयुक्त महाराष्ट्र' मात्र एकाच शासनाखालचा, सलग प्रदेश होता. सैन्याच्या संदर्भात 'संयुक्त' हा शब्द समितीच्या अर्थाने घ्यावा, प्रदेशाच्या अर्थाने नव्हे. लष्कर, नौदल आणि हवाई दल आपापल्या अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली राहून एका उद्दिष्टासाठी परस्पर समन्वयाने लढतात, तेव्हा ती संयुक्त कारवाई होते. तिन्ही दलांच्या तुकड्या एकाच सेनाधिकाऱ्याच्या हुकमाखाली दिल्या जातात, तेव्हा ती रचना एकात्मिक होते. अशी एकात्मिक रचना एका बाजूच्या संपूर्ण युद्धक्षेत्रासाठी उभारली, की ती 'थिएटर कमांड'. तेव्हा बातमी वाचताना विचारण्याचा प्रश्न एकच आहे : हुकूम कोणाचा चालतो?

1999 चे कारगिल युद्ध हे पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे. त्या युद्धात लष्कराच्या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन विजय', हवाई दलाच्या मोहिमेचे 'ऑपरेशन सफेद सागर' आणि नौदलाच्या हालचालींचे 'ऑपरेशन तलवार' असे होते. युद्ध एकच, पण नावे तीन. लष्कराने मे महिन्यात हवाई मदत मागितली, तेव्हा हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांची भूमिका अशी होती की हवाई बळाचा वापर हा युद्धाची व्याप्ती वाढवणारा निर्णय असल्यामुळे त्याला सरकारची मंजुरी हवी. ती मिळाल्यावर, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर, 26 मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. दोन्ही दलांच्या भूमिकांवर नंतर पुष्कळ लिहिले गेले. रचनेची अडचण मात्र साधी होती : कारगिलची जबाबदारी असलेला लष्कराचा उत्तर विभाग उधमपूरला होता, हवाई दलाचा पश्चिम विभाग दिल्लीला होता, आणि या दोघांनाही आज्ञा देऊ शकेल असा सेनाधिकारी कोणत्याच पायरीवर नव्हता. तिन्ही दलप्रमुखांची समिती होती. तिचे अध्यक्षपद तिघांतल्या ज्येष्ठाकडे असे, पण उरलेले दोघे त्याच्या बरोबरीचेच असत. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' या एकाच नावाखाली तिन्ही दले उतरली, हा बदल लक्षणीय आहे. तरी नाव एक झाले म्हणजे हुकूमही एका हाती गेला, असा अर्थ त्यातून काढू नये.

कारगिलनंतर नेमलेल्या समितीच्या आणि मंत्रिगटाच्या शिफारशींतून 2001 मध्ये अंदमान व निकोबार येथे पहिली तिन्ही दलांची एकात्मिक कमांड उभी राहिली. तिथली जहाजे, विमाने आणि पायदळ एकाच प्रमुखाच्या हाताखाली आले. मात्र शिस्तीचा कायदा वेगळाच राहिला. लष्करी जवानाला 1950 चा सेना कायदा, हवाई दलाच्या जवानाला त्याच वर्षीचा हवाई दल कायदा आणि नौसैनिकाला 1957 चा नौदल कायदा लागू होता. प्रमुख नौदलाचा असेल, तर हाताखालच्या हवाई दलाच्या जवानावर शिस्तभंगाची कारवाई तो स्वतः करू शकत नसे. त्या जवानाला मूळ दलाकडे परत पाठवावे लागे. लढाईचा हुकूम देता येतो, पण गैरहजेरीची शिक्षा देता येत नाही, अशा स्थितीला एकात्मिक म्हणणे जरा धाडसाचेच होते. 2023 मध्ये संसदेने आंतर-सेवा संघटनांच्या, म्हणजे एकाहून अधिक दलांचे जवान असलेल्या अशा रचनांच्या, प्रमुखांना हा अधिकार देणारा कायदा केला आणि 10 मे 2024 पासून तो लागू झाला. 'एकात्मिक' हे विशेषण या रचनेला खऱ्या अर्थाने तेव्हा शोभू लागले, असे माझे मत आहे.

याच संदर्भात 'संरक्षण दलप्रमुख' या पदनामाकडेही लक्ष द्यायला हवे, कारण काही ठिकाणी त्याला हौसेने 'सरसेनापती' म्हटले जाते. जनरल बिपिन रावत यांनी 1 जानेवारी 2020 रोजी हे नवे पद स्वीकारले. ते निर्माण करताना सरकारने स्पष्ट केले होते की या अधिकाऱ्याचा तिन्ही दलप्रमुखांवर किंवा अन्य कोणावर लष्करी हुकूम चालणार नाही. तो दलप्रमुखांच्या समितीचा स्थायी अध्यक्ष आणि तिन्ही दलांशी संबंधित बाबींवर संरक्षणमंत्र्यांचा प्रमुख लष्करी सल्लागार असेल. सरसेनापती सैन्य चालवतो. ज्याला तसा हुकूमच सोडता येत नाही, त्याला ते बिरुद लावू नये.

'कमांड' या शब्दात अधिकार आणि तो चालतो तो प्रदेश, असे दोन्ही अर्थ आहेत. अधिकारासाठी मराठीत 'हुकमत' किंवा 'आज्ञाधिकार' हे शब्द आहेत; प्रदेशासाठी वृत्तपत्रांनी 'विभाग' किंवा 'मुख्यालय' रूढ केले आहे. हल्ली हिंदीवरून 'पश्चिम कमान' असे लिहिण्याची चाल पडू लागली आहे, तिला मात्र विरोध करावासा वाटतो. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर 'कमान' म्हटले की प्रवेशद्वार येते. 'कमान सांभाळली' याऐवजी 'सूत्रे हाती घेतली' किंवा 'धुरा सांभाळली' हे आपले नेहमीचे प्रयोग काही जुनाट झालेले नाहीत.

'विभाग' लिहिताना दलाचे नाव गाळू नये. लष्कराचे दक्षिण मुख्यालय पुण्याला, नौदलाचे कोचीला आणि हवाई दलाचे तिरुवनंतपुरमला आहे. पूर्वेला हीच यादी कोलकाता, विशाखापट्टणम आणि शिलाँग अशी होते. पश्चिमेला चंडीमंदिर, मुंबई आणि दिल्ली अशी. लष्कराचे सात, हवाई दलाचे सात आणि नौदलाचे तीन असे हे एकंदर सतरा विभाग आहेत आणि एकाच दिशेचे नाव मिरवणाऱ्या दोन दलांच्या हद्दीही परस्परांशी जुळत नाहीत. 'पश्चिम विभागाने सराव केला' या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. थिएटर कमांडची कल्पना या विस्कळीतपणातूनच पुढे आली : एका बाजूच्या संभाव्य युद्धाचे नियोजन आणि संचालन एकाच अधिकाऱ्याकडे द्यावे, आणि सैन्य उभारणे, त्याला शिकवणे, शस्त्रसज्ज करणे ही कामे दलप्रमुखांकडे ठेवावीत. अमेरिकेने 1986 च्या कायद्याने अशी विभागणी पक्की केली; चीनने 2016 मध्ये सात लष्करी प्रदेश मोडून पाच थिएटर कमांड केल्या.

आता 'थिएटर'साठी मराठी शब्द. 'रणांगण' आणि 'रणभूमी' येथे अपुरे पडतात, कारण त्यांतून प्रत्यक्ष लढाईची जागा सूचित होते. थिएटरमध्ये हजारो किलोमीटरची सीमा, त्यावरचे आकाश, लगतचा समुद्र, पिछाडीचे तळ आणि रसदीचे मार्ग हे सगळे येते. 'युद्धक्षेत्र' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा आहे, कारण 'क्षेत्र' या शब्दाला आवाका आहे. त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'एकात्मिक युद्धक्षेत्र विभाग म्हणजे थिएटर कमांड' असे लिहावे आणि पुढे 'थिएटर कमांड' चालू ठेवावे. 'ऑपरेशन' आणि 'थिएटर' हे शब्द एकाच वाक्यात आणण्याचे मात्र टाळावे. सामान्य वाचक थेट इस्पितळात पोहोचतो.

एक शब्दप्रयोग प्रश्नात नसला तरी महत्त्वाचा आहे. 'संयुक्त सराव' हे आपण दोन देशांच्या सैन्यांच्या सरावालाही म्हणतो आणि एकाच देशाच्या दोन दलांच्या सरावालाही. भारत आणि अमेरिका यांच्या नौदलांनी 1992 मध्ये सुरू केलेला 'मलबार' हा पहिल्या प्रकारातला सराव आहे. इंग्रजी लष्करी परिभाषेत या दोहोंना स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत ती सोय 'द्विराष्ट्रीय' वा 'बहुराष्ट्रीय' आणि 'आंतरदलीय' वा 'त्रिदलीय' या शब्दांनी सहज होते.

राहिले लिंग. 'विभाग' पुल्लिंगी आणि 'मुख्यालय' नपुंसकलिंगी असल्याने लेखकाच्या मनात जो शब्द असेल त्याप्रमाणे 'कमांड'चे लिंग बदलत राहते. पुण्यात बोलताना 'सदर्न कमांड' बहुधा स्त्रीलिंगीच ऐकू येते, आणि 'कंपनी', 'रेजिमेंट', 'बटालियन' ही सैन्यातली उसनी नामेही मराठीत स्त्रीलिंगीच रुळली आहेत. म्हणून 'थिएटर कमांड स्थापन झाली', अनेकवचनी 'थिएटर कमांड स्थापन झाल्या', आणि मराठी नाव वापरल्यास 'एकात्मिक युद्धक्षेत्र विभाग स्थापन झाला' असे लिहावे.