बोर्ड बदलू नका, आधी कर्नल बदला

सिडकोतल्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: नवा जोडलेला पीसी, प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी, त्यावर लिनक्स मिंट २१, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५. तापमान, पंखे, व्होल्टेज दाखवणारी ‘सेन्सर्स’ कमांड दिली की दोनच तापमानं दिसतात, एक ५२ च्या आसपास आणि दुसरं कायम २७.८. पंख्यांचे आकडे नाहीत. बोर्डावरची सेन्सर चिप वाचणारं ‘एनसीटी६७७५’ मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, हाताने चढवलं, तरी काही आलं नाही. मग एका व्हिडिओत बघून बूटच्या ओळीत ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ला ‘लॅक्स’ केलं, आणि आकड्यांची रांगच लागली. पाच व्होल्टच्या जागी १.००, एक तापमान १२७ अंश, बऱ्याच ओळींपुढे ‘अलार्म’. हा स्क्रीनशॉट बघून दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, बदलावा लागेल.

नका बदलू. तुम्ही टाकलेल्या आकड्यांत बोर्ड बिघडल्याचं एकही लक्षण नाही. (कमांडा आणि फायलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच इंग्रजीतच टाका.)

आधी ते २७.८ बघू. ती ओळ ‘एसीपीआयटीझेड’ नावाखाली येते, म्हणजे बायोसने (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामने) जाहीर केलेला थर्मल झोन, तापमानाची एक जागा. बायोस हे तापमान केल्विनच्या दहाव्या भागात सांगतो. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर तिथे सेन्सर जोडलेलाच नसतो, बायोस लिहिणाऱ्याने ३०१० असा एक आकडा ठोकून दिलेला असतो. कर्नल त्यातून २७३२ वजा करतं, उरतात २७८, म्हणजे २७.८ अंश. काही बोर्डांवर हाच प्रकार १६.८ असा दिसतो, तिथे मूळ आकडा २९०० असतो. तसंही साध्या अकलेने विचार करा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सिडकोतल्या वरच्या मजल्यावर खोलीतच ३६-३७ अंश असतात. त्या खोलीतला, चालू असलेला, पंख्याने थंड होणारा बोर्ड २७.८ वर राहीलच कसा? पंखा कितीही जोरात फिरला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीपेक्षा थंड आकडा दिसला की तो आकडा कचऱ्यात टाकायचा, एवढा एक नियम पाळलात तरी निम्म्या शंका मिटतात.

५२ चा आकडा मात्र खरा आहे. तो ‘के१०टेंप’ ड्रायव्हर थेट प्रोसेसरच्या आतून वाचतो, त्याचा बोर्डाशी संबंध नाही. तिथे ‘टीसीटीएल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंखा चालवण्यासाठी प्रोसेसर देतो ते तापमान. पहिल्या पिढीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवर एएमडीने त्यात मुद्दाम २० अंश वाढवून ठेवले होते. तुमच्या प्रोसेसरवर तसं काही नाही.

आता मूळ दुखणं. नेटवर्क कार्ड किंवा ग्राफिक्स कार्ड पीसीआयवर बसतं, स्वतःचा नंबर सांगतं आणि तो नंबर बघून लिनक्स आपोआप ड्रायव्हर चढवतं. पंखे, व्होल्टेज आणि बोर्डाची तापमानं मोजणारी चिप तशी नाही. ती सुपर आयओ चिपच्या पोटात असते. जुन्या काळी कीबोर्ड, फ्लॉपी, सिरीयल पोर्ट सांभाळणारी हीच ती चिप. ती स्वतःहून काही सांगत नाही. ड्रायव्हरला जाऊन दार वाजवावं लागतं. हेक्स २ई किंवा ४ई (हे सोळाच्या पायातले आकडे) या पोर्टवर, म्हणजे चिपशी बोलायच्या पत्त्यावर, ८७ हा आकडा लागोपाठ दोनदा लिहिला की नुवोटॉन कंपनीची चिप दार उघडते, मग तिच्याकडून ओळख क्रमांक वाचायचा, आणि काम झालं की एए लिहून दार लावून घ्यायचं. आयटीई कंपनीच्या चिपचा दार उघडण्याचा आकडा वेगळा. ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ हेच करतं, दारोदार फिरून विचारतं. त्याच्या प्रश्नांना नुसता एंटर मारा, मूळ उत्तरंच ठेवा. एके काळी अशा चौकशीत काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपच्या ईईप्रॉमची (माहिती साठवणाऱ्या चिपची) वाट लागली होती, तेव्हापासून धोक्याच्या जागी त्याचं मूळ उत्तर ‘नाही’ असतं.

जुन्या बोर्डांवर डब्ल्यू८३६२७ अशी नावं दिसतात आणि नव्यांवर एनसीटी, म्हणून ही दोन वेगळी घराणी आहेत असं वाटतं. घराणं एकच. विनबाँडने २००८ मध्ये हा धंदा वेगळा काढला आणि नुवोटॉन झाली.

तुमचं मॉड्यूल चढूनही आकडे का आले नाहीत? ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्टची ओळ नक्की असणार. त्याचा अर्थ असा, की चिपचे तेच पोर्ट बायोसनेही स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेत. यात वाईट काय, हे किराण्याच्या उधारीच्या वहीवरून बघा. दुकानात वही एकच. बाप पाटलांचं पान उघडतो आणि पेन घ्यायला वळतो. तेवढ्यात पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी जाधवांचं पान उघडतो. बाप परत वळून बघत नाही, समोरच्या पानावर ५०० लिहितो. पैसे पाटलांचे, नाव जाधवांचं. सुपर आयओचं तसंच आहे. हेक्स २९५ वर सांगायचं कुठलं पान हवंय, आणि २९६ वर ते वाचायचं किंवा लिहायचं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये बायोस घुसला तर पान बदलतं. वाचताना पान बदललं तर एखादा विचित्र आकडा दिसेल, फार काही बिघडत नाही. लिहिताना बदललं तर मात्र पंख्याचा वेग म्हणून लिहिलेली किंमत भलत्याच रजिस्टरमध्ये (चिपमधल्या खणात) जाऊन बसते. म्हणूनच २००९ च्या २.६.३१ कर्नलपासून अशा भांडणात ड्रायव्हरने माघार घ्यायची, असा नियम मूळ सेटिंगमध्येच आला. ‘लॅक्स’ लिहिणं म्हणजे तो नियम उठवणं, आणि तोही फक्त या चिपसाठी नाही, सगळ्या ड्रायव्हरांसाठी. कित्येक लोक वर्षानुवर्षं लॅक्सवर चालवतात आणि काही होत नाही, हे खरं आहे. पण त्र्यंबकच्या घाटात हेल्मेट न घालता कित्येक जण रोज जातातच.

तुमच्या बाबतीत याची गरजही नाही. तुम्ही बोर्डाचं मॉडेल लिहिलं नाही, पण आउटपुटात एनसीटी६७९८ दिसतंय आणि ही चिप बहुतेक वेळा असूसच्या बोर्डांवर सापडते. असूसच्या बायोसमध्ये या चिपशी बोलायचा एक राजरोस रस्ता आहे, डब्ल्यूएमआय नावाचा. आपण बायोसला सांगायचं की अमुक पान वाचून दे, वही त्याच्याच हातात राहते आणि भांडण संपतं. एनसीटी६७७५ ड्रायव्हरला हा रस्ता कर्नल ५.१६ पासून कळतो. तुम्ही ५.१५ वर आहात, एका पायरीने हुकलात! कुठल्या बोर्डांवर हा रस्ता वापरायचा याची यादी ड्रायव्हरमध्येच असते, आणि ती पुढच्या कर्नलांमध्ये वाढत गेली. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स असं आहे, तिथून ६.८ घ्या. जुना कर्नल काढू नका, अडचण आली तर बूट करताना तोच निवडता येतो. मग बूटच्या ओळीतून लॅक्स काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, रीबूट करा आणि मॉड्यूल परत चढवा. आकडे आले तर ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’मध्ये त्याचं नाव लिहून ठेवा म्हणजे दर वेळी हाताने चढवायला नको.

बोर्ड यादीत नसेल तर लॅक्सशिवाय इलाज नाही. मग निदान नुसतं वाचा, पंख्याचा वेग लिनक्समधून बदलायला जाऊ नका. ज्यांच्या बोर्डावर आयटीईची चिप आहे त्यांनी ‘आयटी८७’ ड्रायव्हरचं ‘इग्नोर रिसोर्स कॉन्फ्लिक्ट’ हे पॅरामीटर वापरावं. त्यात सूट फक्त त्या एका ड्रायव्हरला मिळते.

आता ज्या आकड्यांनी दुकानदार घाबरला (किंवा घाबरल्यासारखं केलं) ते बघू.

चिपच्या आतला मोजणारा भाग दोन व्होल्टच्या आसपासच मोजू शकतो, ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. बारा व्होल्ट थेट दिले तर चिप जळेल. म्हणून बोर्ड बनवणारा मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज विभागून देतो. कुठले रेझिस्टर घातले ते ड्रायव्हरला कसं कळणार? त्याला पिनवर जे दिसतं तेच तो सांगतो. तुमचे १.०० व्होल्ट म्हणजे पाचने विभागलेले पाच व्होल्ट, अगदी ठणठणीत. माझ्या अंबडच्या वर्कशॉपातल्या मशीनवर हीच चिप आहे. तिथे व्होल्टेजच्या ओळींपैकी ‘इन१’ला ५ ने आणि ‘इन४’ला १२ ने गुणावं लागतं. ‘इन४’ १.००८ दाखवायचं, गुणल्यावर १२.०९६. खात्री करायला मी मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या वायरीत मल्टिमीटर घातला, १२.०६ आले. हा फरक का, तर ८ मिलिव्होल्ट गुणिले १२ म्हणजे पायरी ९६ मिलिव्होल्टची पडते. त्या चिपला १२.०००, १२.०९६, १२.१९२ एवढेच आकडे सांगता येतात, मधलं काही नाही. बारा व्होल्टच्या लाइनला ११.४० ते १२.६० पर्यंत चालतं, त्यामुळे पुरवठा ठीक आहे की नाही ते कळायला एवढं पुरे.

‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’मध्ये एक छोटी फाइल करा, त्यात चिपचं नाव आणि खाली ‘लेबल’ व ‘कम्प्यूट’च्या ओळी: इन४ ला @*१२, @/१२ (@ म्हणजे चिपने दिलेला आकडा). इन०, इन२, इन३, इन७ आणि इन८ ला हात लावू नका. व्हीकोर, एव्हीसीसी, ३.३ व्होल्ट, ३ व्होल्ट स्टँडबाय आणि बॅटरी यांच्या पिना चिपवर ठरलेल्या आहेत, ड्रायव्हरला त्यांचा हिशोब येतो. बाकीच्या पिना बोर्डवाल्याच्या मर्जीच्या. गुणक शोधायचा सोपा रस्ता म्हणजे बायोसचा हार्डवेअर मॉनिटर उघडा, तिथला आकडा लिहून घ्या आणि लिनक्समधल्या आकड्याने भागा.

‘अलार्म’ दिसतो कारण बायोसने किमान-कमाल मर्यादा भरलेल्याच नाहीत. ओळीच्या शेवटी बघा, कमाल ०.०० लिहिलंय. शून्याची मर्यादा असेल तर एक व्होल्टसुद्धा ‘जास्त’च.

आणि १२७ अंश. ती ओळ ‘ऑक्सटिन’ची आहे. थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) जोडायला ठेवलेली पिन, जिला काहीच जोडलेलं नाही. मोकळी पिन वाट्टेल ते दाखवते, आणि आठ बिटांच्या चिन्हासहित आकड्यात १२७ हे टोक आहे. बोर्डाचा कुठलाही भाग खरोखर १२७ अंशांवर असता तर तुम्हाला स्क्रीनशॉट काढायच्या आधी वास आला असता. कुठली ओळ खरी ते ओळखायला प्रोसेसरवर मुद्दाम भार टाकणारं ‘स्ट्रेस-एनजी’ पाच मिनिटं चालवा आणि दुसऱ्या खिडकीत ‘वॉच सेन्सर्स’ ठेवा. जी ओळ भराभर चढते ती प्रोसेसरची, जी दोन-तीन अंश सावकाश चढते ती बोर्डाची, जी ढिम्म हलत नाही किंवा उड्या मारते तिला ‘इग्नोर’ लिहून टाका.

कोणीतरी लिहिलंय की विंडोजवर हे सगळं आपसूक दिसतं, लिनक्स मागास आहे. लिनक्समध्ये सगळ्या सेन्सरचे आकडे कर्नलमधल्या एचडब्ल्यूमॉन या एकाच जागी येतात, विंडोजमध्ये तशी सामाईक सोय नाही. प्रत्येक टूल स्वतःचा कर्नल ड्रायव्हर आणतं आणि बोर्डांच्या नावांचा तक्ताही स्वतःच सांभाळतं, म्हणून तिथे ‘+१२ व्होल्ट’ असं सुबक लिहून येतं. त्यातल्या बऱ्याच जणांचा आधार विनरिंगझिरो हा ड्रायव्हर होता, आणि तो कुठल्याही प्रोग्रामला थेट पोर्टांपर्यंत पोहोचू द्यायचा. २०२० मध्ये त्याची नोंद सुरक्षेतलं भोक म्हणून झाली. मार्च २०२५ मध्ये विंडोजचा डिफेंडर तो पकडायला लागला आणि रातोरात लोकांचे पंख्याचे प्रोग्राम बंद पडले. लिब्र हार्डवेअर मॉनिटर हे टूल नंतर पॉनआयओ या दुसऱ्या ड्रायव्हरवर गेलं.

एक सावधगिरी मात्र घ्या, ही मी स्वतः भोगलीय. एचडब्ल्यूमॉनमधले नंबर, म्हणजे एचडब्ल्यूमॉन२, एचडब्ल्यूमॉन३ हे, दर बूटला तेच राहतील याची हमी नसते. अंबडच्या त्याच मशीनसाठी मी पंख्याची छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि त्यात एचडब्ल्यूमॉन२ असं ठोकून दिलं होतं. नंतर एनव्हीएमई डिस्क बसवली. तिचाही सेन्सर याच यादीत येतो, आणि नंबर सरकले. स्क्रिप्ट प्रोसेसरऐवजी डिस्कचे ४१ अंश वाचत बसली आणि पंखा निवांत फिरत राहिला. ड्रॉइंगवाला पोरगा दोन दिवस म्हणत होता, “दादा, मशीन पेंगतंय.” मी त्याला म्हटलं, फाइल जड असेल. तिसऱ्या दिवशी बघितलं तर प्रोसेसर ९५ ला टेकून स्वतःचा वेग कमी करत होता. स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर प्रत्येक फोल्डरातली ‘नेम’ फाइल वाचा आणि नावावरून शोधा. तापमान मिलिअंशात असतं, ५२००० म्हणजे ५२, हेही ध्यानात ठेवा. मी ती स्क्रिप्ट काढून टाकली, पंख्याचा कर्व्ह बायोसमध्ये सेट केला आणि लिनक्सला फक्त बघायचं काम ठेवलं.

कर्नल बदलल्यावर बोर्डाचं मॉडेल आणि नवीन आउटपुट इथे टाका, गुणक मी काढून देतो. सीपीयू फॅनच्या ओळीत शून्य आलं तर आधी केस उघडून वायर बोर्डावरच्या कुठल्या हेडरवर (पिनांच्या जागेवर) आहे ते बघा. दुकानातून जोडून आलेल्या मशीनमध्ये ती पंपाच्या हेडरवर लावलेली मला दोनदा सापडलीय.