‘बीटिंग रिट्रीट’ म्हणजे माघार नव्हे

प्रश्न : प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता ‘बीटिंग रिट्रीट’ने होते. रिट्रीट म्हणजे माघार असेल, तर सैन्याने ती वाजतगाजत का घ्यावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका शब्दापुरती रास्त आहे, परंतु येथे ‘रिट्रीट’चा अर्थ रणांगणातून पाय काढणे असा नसून दिवस मावळताच छावणीत परतणे असा आहे. बिनतारी यंत्रे नव्हती त्या काळी पलटणीतील ढोलवादक शोभेसाठी नसे. अधिकाऱ्याचा हुकूम शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याचे असे, कारण बंदुकांच्या धुरात निशाण दिसेनासे झाले तरी ढोल ऐकू येई. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सूर्यास्ताला असाच ढोल वाजे आणि तो ऐकून शिपाई परतत व रात्रीचे पहारे बसत. ‘बीटिंग’ हा शब्द त्या ढोलावरच्या टिपरीचा आहे. (हिरकणीची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना तिन्हीसांजेच्या या शिस्तीचे नवल वाटू नये.) तेव्हा मराठीत ‘माघार’ऐवजी ‘परतीचा ढोल’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दिल्लीत २९ जानेवारीच्या सायंकाळी विजय चौकात राष्ट्रपतींसमोर तिन्ही दलांचे बँड वादन व संचलन करतात. बिगुलावर परतीची धून झाली की बँडप्रमुख राष्ट्रपतींजवळ जाऊन पथके परत नेण्याची परवानगी मागतात आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवीत सर्व पथके निघून जातात. परवानगीची ही प्रथा मला या सोहळ्यातील सर्वांत सुंदर भाग वाटते, कारण तिच्यात जुन्या छावणीची शिस्त शाबूत आहे.

यापूर्वी वाजणारी ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींची आवडती प्रार्थना २०२२ मध्ये वगळण्यात आली आणि तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आले. त्या गीताची चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांची असून लता मंगेशकरांनी ते २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायिले होते, त्यामुळे मराठी मनाला हा बदल सुखावणारा आहे; तथापि दाटून येणाऱ्या सांजेला सोबत मागणारी ती प्रार्थना प्रसंगाला अधिक साजत होती, असे माझे मत आहे.

हा परतीचा ढोल दोन वेळा वाजला नाही : २००१ मध्ये भुजच्या भूकंपामुळे आणि २००९ मध्ये माजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या निधनामुळे.