थुंकीच्या तपासणीत जंतू नाहीत, पण सीबीनॅटमध्ये क्षयरोग निघाला: कोणता अहवाल खरा?

आपल्या वडिलांचे दोन्ही अहवाल खरे असू शकतात, आणि डॉक्टरांनी सीबीनॅटच्या, म्हणजे थुंकीतल्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रचाचणीच्या, अहवालावरून औषधे सुरू केली हे योग्यच झाले. मी क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि नातेवाइकांकडून ही शंका नेहमी ऐकतो.

थुंकीच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर, जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते साधारण ५,००० ते १०,००० असावे लागतात. त्याहून कमी असले, किंवा खोल खोकून काढलेल्या बेडक्याऐवजी नुसती लाळच डबीत आली, तर तपासणारा कितीही कसलेला असला तरी त्याला काही दिसत नाही. सीबीनॅटमध्ये जंतू डोळ्यांनी शोधायचे नसतात. थुंकीत द्रावण मिसळून ती कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या बंद डबीत, भरली की यंत्र जंतू फोडून त्यांचा डीएनए मोकळा करते आणि त्यातला एक ठरावीक तुकडा, तापमान पुन्हा पुन्हा वर-खाली करून, दर फेरीला दुप्पट करत नेते. अशा ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या तत्त्वतः १०० कोटींहून अधिक प्रती होतात. म्हणूनच मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू असले तरी ते दोन तासांत सापडतात, आणि ‘अल्ट्रा’ या नंतरच्या कार्ट्रिजला तर त्याहूनही कितीतरी कमी पुरतात. इतक्या संवेदनशील चाचणीत दुसऱ्या नमुन्यातला एखादा तुकडा चुकून मिसळला तरी अहवाल फसू शकतो. त्यामुळे सारी क्रिया बंद कार्ट्रिजमध्येच व्हावी ही योजना मला फार मोलाची वाटते.

दुप्पट होणारा तुकडा ‘आरपीओबी’ या जनुकातला आहे. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमधले बदल याच ८१ बेसजोड्यांच्या (डीएनएच्या ८१ दुव्यांच्या) पट्ट्यात असतात, त्यामुळे रोगाचे निदान आणि या औषधाबद्दलचा निर्णय एकाच अहवालात मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या चाचणीची शिफारस केली त्यामागे हेही मोठे कारण होते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणीही डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या याच तत्त्वावर चालते. तिचे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने ते लहान आरोग्य केंद्रांतही ठेवता येते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचा प्रतिरोध मात्र नेहमीच्या सीबीनॅटमध्ये कळत नाही. त्यासाठी लाइन प्रोब ही जनुकांतले बदल ओळखणारी वेगळी चाचणी लागते, तेव्हा तिचा नमुना पाठवला आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

औषधांचा गुण येतो आहे का हे पाहण्यासाठी सीबीनॅट पुन्हा करून घ्यावी का, असेही आपण विचारले आहे. करू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनए थुंकीत बराच काळ टिकतो आणि यंत्राला मेलेला जंतू व जिवंत जंतू यांतला फरक कळत नाही, त्यामुळे औषधे उत्तम लागू पडत असतानाही अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरचे विनाकारण हवालदिल होतात. पाठपुराव्यासाठी काचपट्टीची तपासणीच करतात आणि गरज पडली तर कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे), कारण कल्चरमध्ये फक्त जिवंत जंतूच वाढतात, मग त्याला सहा आठवडे का लागेनात.