पुणे ते म्युनिक किती तास?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून म्युनिक किती लांब पडतं आणि आईबाबांना काही झालं तर किती तासांत पोचता येईल. ब्लू कार्ड (इथला नोकरीसाठीचा राहण्याचा परवाना), टॅक्स वगैरे तुम्हाला सरकारी साइटवर मिळेलच, ते लिहीत नाही. पण तासांचं वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

मुंबई ते म्युनिक सरळ रेषेत साधारण 6300 किलोमीटर. डायरेक्ट विमान इकडे येताना नऊएक तास घेतं, भारतात जाताना वारा पाठीशी असतो म्हणून तासभर कमी. पण कोथरूडहून कॅब करायची, घाटात अडकलात तर चाराचे पाच तास, तीन तास आधी एअरपोर्टवर, इथे उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा, मग एस-बान म्हणजे इथली लोकल आणि पुढे आमच्या गावाची बस, असं करत दारात पोचेपर्यंत अठरा-एकोणीस तास होतात. म्हणजे एक दिवस. बाबांना मी तेच सांगून निघाले होते, एका दिवसात येते.

बाबांना अटॅक आला तो जानेवारी. दुसऱ्या दिवशीच्या विमानात सीट होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. पण माझं रेसिडेन्स कार्ड संपलेलं. अर्ज वेळेत केला होता, पण नवीन कार्ड येईपर्यंत एक कागद देतात, फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग म्हणतात त्याला, तो आला नव्हता आणि तो हातात नसताना देशाबाहेर पडलं तर परत येताना अडकायची भीती. रोज मेल टाकले, फोन कुणी उचलेना, स्वतः गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली अपॉइंटमेंट घेऊन या. कागद पाचव्या दिवशी मिळाला. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. पुण्यात सकाळचे साडेदहा, इथे सहा, बाहेर काळोख, मी ओट्यावर फोन डब्याला टेकवून वैकुंठ स्मशानभूमी बघत होते आणि दादाचा हात इतका हलत होता की धड काही दिसत नव्हतं. नवरा म्हणत होता तू जा, पुढचं पुढे बघू. मी गेले नाही. आईला अजून वाटतं तिकीट मिळालं नाही.

तुमचा मुलगा पहिलीत आहे ना, मग हेही ऐका. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या या राज्यात, चौथीतच ठरतं मूल कुठल्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगले मार्क. माझी मुलगी त्याच वर्षी चौथीत होती. 2.66 आले, जर्मनमध्ये एका ग्रेडने मागे पडली. तीन दिवसांची वेगळी परीक्षा देता येते, पण मे महिन्यात माझ्यात तेवढा जीवच नव्हता, मी तिला बसवलं नाही. रेआलशूलमधून पुढे जाता येतं, ती छान शिकतेय, तरी दरवर्षी मे आला की मला ते मार्कशीट दिसतं.

एकटेपणाचं म्हणाल तर दोन वर्षं जड जातात, मग माणसं जोडली जातात, मंडळाचा गणपती असतो, त्याची फार काळजी करू नका.

कार्डाची काळजी करा. संपायच्या तीन-चार महिने आधीच अर्ज टाका आणि तो मधला कागद मागून घ्या, प्रवासाला चालेल असा, आणि पासपोर्टमध्येच ठेवा. शाळेचं आणखी काही हवं असेल तर विचारा, रविवारी सगळं बंद असतं, निवांत लिहीन.