बाळाच्या हृदयात छिद्र आहे, असे नुकतेच कळले असेल तर

बाळाच्या हृदयात छिद्र असल्याचे निदान कळल्यापासून तुम्हाला झोप नसेल, हे मी समजू शकते. माझ्या मुलीच्या वेळी मीही याच अवस्थेतून गेले आहे, म्हणून सुरुवातीला लागतील तेवढ्याच गोष्टी सांगते.

साधारण १०० बाळांपैकी एकाच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि बहुतेक वेळा त्याचे नेमके कारण सापडत नाही, त्यामुळे गरोदरपणात आपले काय चुकले हे शोधत बसू नका.

'छिद्र' एवढा शब्द पुरेसा नाही. ते वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात आहे की खालच्या, केवढे आहे आणि फुप्फुसांकडे किती जास्तीचे रक्त जाते, यावर उपचार ठरतात: लहान छिद्रे अनेकदा आपोआप बुजतात, काही कॅथेटरने (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) बंद करता येतात, तर काहींना शस्त्रक्रिया लागते. डॉक्टरांना कागदावर हृदयाचे चित्र काढून समजावायला सांगा. त्यात संकोच नको.

घरी एवढे पाहा:
- दूध पिताना बाळ दमते का, कपाळावर घाम येतो का
- झोपेतही श्वास जलद चालतो का
- वजन वाढते आहे का

ओठ किंवा जीभ निळसर दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठा.

नव्या पालकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे बाळ हसते-खेळते आहे म्हणून तपासणी पुढे ढकलणे, कारण काही दोषांमध्ये फुप्फुसांतला रक्तदाब नकळत वाढत राहतो आणि उपचाराची योग्य वेळ निघून जाते. शस्त्रक्रियेचे तपशील आज वाचू नका. पुढच्या भेटीतले प्रश्न मात्र आजच वहीत लिहून ठेवा.