दबाई ९८ टक्के, सीबीआर मात्र ३: दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात

तुमचा प्रश्न असा: सबग्रेडची (रस्त्याखालच्या मातीच्या थराची) दबाई ९८ टक्के आली, पण त्याच चिकणमातीचा भिजवलेला सीबीआर (मातीची ताकद सांगणारा टक्क्यांतला आकडा) ३ निघाला आणि डिझाइनमध्ये तर ८ धरलाय. मग लॅब चुकली की साइट? एवढ्यात कोणालाच दोष देऊ नका. दबाई म्हणजे लॅबमधल्या कमाल कोरड्या घनतेच्या (एमडीडीच्या) तुलनेत साइटवरची कोरडी घनता, ताकद नव्हे, आणि चिकणमातीत या दोन आकड्यांची फारकत सर्रास होते.

याचं मूळ ओलाव्यात आहे. ओएमसीपेक्षा (ज्या ओलाव्यावर माती सर्वात घट्ट दबते त्यापेक्षा) दोन-तीन टक्के कोरडी माती रोलरच्या फेऱ्या वाढवून दाबली की घनता मिळते. थर इतका टणक लागतो की टाच मारली तरी खूण उठत नाही. तीच माती पाणी मिळालं की फुगते आणि ताकद ढासळते. सीबीआरचे मोल्ड (माती दाबून भरलेले साचे) ४ दिवस भिजवतात ते ही वाईटातली वाईट अवस्था पकडायला. म्हणून रिपोर्टात फुगवण किती आली ते आधी बघा. माझ्या मते तो आकडा सीबीआरइतकाच मोलाचा आहे, आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो. मोल्ड भिजत असताना वर सरचार्जची (वरच्या थरांच्या भाराऐवजी ठेवायची) वजनं होती का, पाण्यातून काढल्यावर तो पंधरा मिनिटं निथळू दिला का, हेही विचारा. चाचणीचा दांडा २.५ मिमी आत शिरतो तेव्हाचा प्रमाण भार १३७० किलो असतो. म्हणजे सीबीआर ८ ला साधारण ११० किलो आणि ३ ला ४१ किलो. मोल्डमधल्या मातीचा वरचा पातळ थर चिखल झालेला असेल तर एवढा फरक सहज पडतो.

आता तुमचे ९८ टक्के तपासू. ओलावा रॅपिड मॉइश्चर मीटरवर काढलाय का? कार्बाइडचा तो डबा ओल्या मातीच्या वजनावर टक्के दाखवतो, आपल्याला हवे असतात कोरड्या वजनावर. समजा ओली घनता २.०५ आणि एमडीडी १.८६ (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि मीटरवर १२ टक्के. ते १२ तसेच वापरले तर दबाई ९८.४ येते. खरा ओलावा मात्र १३.६ टक्के, आणि दबाई ९७.० च. साइटची घनता काढताना खड्ड्यात भरलेल्या वाळूचं माप अगदी काटेकोर घेऊनही ही चूक तशीच राहते.

शिवाय ९८ टक्के कशाचे? एमडीडी काढायच्या प्रॉक्टर चाचणीचे दोन प्रकार आहेत. हलक्या प्रॉक्टरमध्ये ३ थर आणि सुमारे ३१ सेंमीवरून पडणारा २.६ किलोचा रॅमर. जड प्रॉक्टरमध्ये ५ थर, सुमारे ४.९ किलो, ४५ सेंमी. जड पद्धतीची एमडीडी जास्त येते, त्यामुळे हलक्याचे ९८ म्हणजे जडाचे ९८ नव्हेत. डिझाइनचा सीबीआर कोणत्या घनतेवर आणि कोणत्या ओलाव्यावर काढला होता, ते कागद शोधा.

पुढचा थर टाकण्याआधी त्याच मातीचे मोल्ड तीन वेगवेगळ्या घनतांवर, ओएमसीच्या आसपास करून भिजवा. प्रत्यक्ष साइटच्या घनतेला सीबीआर किती मिळतो ते त्या आलेखावर दिसेल. तिथेही ३-४ च आला तर रोलर वाढवून काही होणार नाही. चुन्याने माती सुधारायची, ती बदलायची की क्रस्ट (सबग्रेडवरचे रस्त्याचे थर) जाड करायचा, हे डिझायनरशी बोलून ठरवा.