वाचकांचे प्रश्न : ज्ञानोदयाचे विचार कायद्यात उतरले तेव्हा

अठराव्या शतकातल्या युरोपीय विचारवंतांनी पाश्चात्त्य राजकारण कसे बदलले, या विषयावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : शिकवताना ‘प्रबोधन’ या शब्दाने मुलांचा गोंधळ होतो. रेनेसाँसही प्रबोधन आणि एन्लायटनमेंटही प्रबोधन. फरक कसा सांगावा? – एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : चौदाव्या ते सोळाव्या शतकात इटलीतून पसरलेली कला आणि ग्रीक-रोमन विद्येची नवी ओढ, तिला प्रबोधन म्हणावे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकभर राजा, धर्मसंस्था आणि कायदा यांना ‘तुमचा अधिकार आला कुठून?’ असे विचारणारी चळवळ म्हणजे ज्ञानोदय. दोन शब्द वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. १७८३ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका मासिकात त्सोल्नर नावाच्या धर्मोपदेशकाने तळटीपेत विचारले, ज्ञानोदय म्हणजे नेमके काय? पुढच्या वर्षी त्याच मासिकात आधी मेंडेल्सझोन आणि मग कांट या जर्मन तत्त्वज्ञांनी उत्तर दिले. कांटचे म्हणणे असे, की माणूस परावलंबी राहतो तो बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या आधाराशिवाय ती वापरायचे धैर्य नसते म्हणून. त्याने मर्यादाही घातली होती. नागरिकाने कर भरलाच पाहिजे, पण तो कर अन्याय्य आहे असे जाहीरपणे लिहायची त्याला मोकळीक हवी. हा भाग मुलांना जरूर सांगा, तो त्यांना लगेच पटतो.

प्रश्न : सत्ताविभाजनाचा विचार फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचा. अमेरिकेचे १७८७ चे संविधान त्यावर उभे राहिले आणि टिकले. फ्रान्सचे १७९१ चे संविधान वर्षभरही टिकले नाही. असे का? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : ‘सोळावा लुई अप्रामाणिक होता’ हे उत्तर सोपे आहे, आणि जून १७९१ मध्ये तो पळून जाताना पकडला गेला हेही खरे. पण राजा प्रामाणिक असता तरी हे संविधान अडकलेच असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोष रचनेत होता.

माँतेस्क्यूच्या १७४८ च्या ग्रंथातला अर्धाच विचार बहुतेक उत्तरपत्रिकांत दिसतो : कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत. उरलेला अर्धा तितकाच महत्त्वाचा आहे. एका सत्तेला दुसऱ्या सत्तेने आवर घालता आला पाहिजे. म्हणजे नुसते वेगळे करून भागत नाही, वेगळे केलेल्यांची गाठ कुठे पडणार हेही ठरवावे लागते.

अमेरिकेत ते ठरवले गेले. प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक अध्यक्षाला पटले नाही, तर रविवार सोडून दहा दिवसांत त्याने ते कारणांसह परत पाठवायचे. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केले की कायदा झाला. प्रतिनिधिगृहाची मुदत २ वर्षे, अध्यक्षाची ४, सिनेट-सदस्याची ६, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सिनेट नवी. एका लाटेत सगळेच हातात येऊ नये, म्हणून मुदती अशा मागेपुढे ठेवल्या.

फ्रान्समध्ये ७४५ सदस्यांचे एकच सभागृह, मुदत दोन वर्षे. राजाने विधेयक अडवले, तर पुढच्या दोन निवडणुकांतून आलेल्या सभागृहांनी तेच पुन्हा मंजूर करेपर्यंत थांबायचे. म्हणजे कोंडी सुटायला तीन-चार वर्षे. राजाला सभागृह बरखास्त करता येत नव्हते. राजा मंत्रिपदे देऊन सदस्यांना विकत घेईल या भीतीने सभासदाला मंत्री होण्याची बंदी होती. परिणामी दोन्हीकडे पाय असलेला, समजूत घालू शकणारा माणूसच उरला नाही. त्यात संविधान लिहिणाऱ्यांनी मे १७९१ मध्ये ठरवले, की आपल्यापैकी कोणी पुढच्या सभागृहात बसायचे नाही. हेतू निःस्वार्थ होता, पण १ ऑक्टोबर १७९१ ला जमलेल्या सभेत ते संविधान घडवलेला एकही माणूस नव्हता.

मग घडले ते अटळच होते. देश सोडून गेलेले सरदार आणि संविधानाशी निष्ठेची शपथ न घेतलेले धर्मगुरू यांच्याविरुद्धचे ठराव राजाने त्याच हिवाळ्यात अडवले. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झाले, आणि युद्ध काही चार वर्षे थांबत नाही. १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसच्या जमावाने राजवाड्यावर हल्ला केला आणि त्याबरोबर संविधानही संपले.

उत्तर लिहिताना दोन्ही संविधानांना एकच प्रश्न लावा : कोंडी झाली तर ती कोण, किती दिवसांत सोडवतो? भारतालाही तो लावून पाहा. आपले मंत्री संसदेतच बसतात, आणि राष्ट्रपतींनी परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले तर त्यांना संमती द्यावी लागते.

प्रश्न : शिक्षा जितकी कडक तितका गुन्हा कमी, हे बेकारियाला का पटले नाही? – विधी शाखेचा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : १७६४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, इटलीतल्या मिलानचा विचारवंत बेकारिया याने मांडले की गुन्हेगाराला रोखते ती शिक्षा होणारच ही खात्री, आणि ती लवकर होणे. क्रौर्याने ते साधत नाही. कबुलीसाठी दिल्या जाणाऱ्या यातनांबद्दल त्याचा युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे : यातना सोसू शकणारा दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध कबुली देऊन मोकळा होतो.

दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या तुलूझमध्ये झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला चाकावर हाडे मोडून मारले होते. मुलगा कॅथलिक होणार म्हणून बापाने त्याचा खून केला, असा आरोप. यातना देऊनही त्याने गुन्हा कबूल केला नाही. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने प्रकरण लावून धरले आणि १७६५ मध्ये तो निकाल रद्द झाला. १७८६ मध्ये इटलीतल्या टस्कनी या राज्याने देहदंडच कायद्यातून काढला, मात्र चार वर्षांत काही गुन्ह्यांसाठी तो परत आणला. एक खबरदारी घ्या : बेकारियाला दयाळू म्हणून रंगवू नका. देहदंडाऐवजी त्याने सुचवली ती जन्मभराची सक्तमजुरी.

प्रश्न : ‘सर्व माणसे समान’ म्हणणारे गुलाम बाळगत होते. आमच्या वाचनगटाला हे समजून घ्यायचे आहे. काय वाचावे? – पंचवटीतील एक वाचनगट

उत्तर : मूळ मसुदेच वाचा, ते लहान आहेत. पहिल्या बैठकीत फ्रान्सचा २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या, कलमे अवघी १७. सोबत मतदानाचा नियम ठेवा : पंचवीस वर्षांवरील पुरुष, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणारा, घरगुती नोकर नसलेला. ‘सर्व’ किती आक्रसले ते लगेच दिसेल.

दुसऱ्या बैठकीत अमेरिकेचे संविधान. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम तीन पंचमांश मोजायचे, आणि १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करायची नाही, ही कलमे शोधा. ‘गुलाम’ हा शब्द त्यांत मिळणार नाही, तो मुद्दाम टाळला आहे. फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये परत आणली, ती कायमची गेली १८४८ मध्ये. हैती या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी मात्र वाट पाहिली नाही. १७९१ ला उठाव करून १८०४ मध्ये त्यांनी स्वतंत्र देश उभा केला.

हे शब्द आपल्याकडेही आले. जोतीराव फुल्यांनी मानवी हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ चे ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. पण तुमच्याच पंचवटीत २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे मूळ फ्रान्समध्ये शोधू नका. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे डॉ. आंबेडकरांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले आहे.

तिसऱ्या बैठकीसाठी फ्रेंच लेखिका ओलँप द गूजचा १७९१ चा स्त्री-हक्कांचा जाहीरनामा. त्यातही १७ कलमे आहेत आणि ती १७८९ च्या कलमांवर बेतलेली आहेत. एकाने जुने कलम वाचावे, दुसऱ्याने लगेच तिचे. दहाव्या कलमाला जास्त वेळ ठेवा. स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असे ती तिथे म्हणते. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर नेण्यात आले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये.